सेकंड हँड पिकअप घेताना: आधी कागद, मग थंड इंजिन, मग वजन आणि पैसे सगळ्यात शेवटी

दर महिन्याला कोणी ना कोणी फोन करतं की भाऊ, पिकअप बघितली, गाडी एक नंबर आहे, वीस हजार इसार दिलाय, आता कागद कसे बघायचे ते सांगा. म्हणजे क्रमच उलटा. इसार देऊन झाला की माणूस गाडीतले दोष बघत नाही, घेतलेल्या निर्णयाची बाजू घ्यायला लागतो. मी स्वतः पहिली गाडी अशीच घेतली, रविवारी संध्याकाळी, नवीन सीट कव्हर आणि हौद्याला ताजा रंग बघून. पुढं कळलं की तिच्यावर सात हप्ते बाकी होते आणि चेसिसला म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला मागच्या बाजूला वेल्डिंग होतं, जे त्याच ताज्या रंगाखाली लपलं होतं.

खाली लिहिलंय ते बोलेरो पिकअप, टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, इंट्रा, दोस्त, योद्धा असल्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, एखादी पायरी करायला जमलं नाही तर गाडी घेणं पुढं ढकला पण पायरी गाळू नका.

## १. गाडी बघायच्या आधी माल ठरवा

कुठली गाडी चांगली हा प्रश्नच अर्धवट आहे, काय भरणार आणि कुठून कुठं नेणार ते आधी सांगा. जुन्या डिझेल छोट्या हत्तीला दोन सिलिंडरचं सुमारे ७०० सीसीचं इंजिन आणि पेलोड म्हणजे भरता येणारा माल साधारण ७५० किलो. दोस्त तीन सिलिंडर, दीड लिटर, साधारण सव्वा टन. बोलेरो पिकअप मॉडेलप्रमाणे सव्वा टनापासून १.७ टनापर्यंत, इंजिन अडीच लिटरचं.

आता हिशोब करा. पाण्याचे २० लिटरचे ६० जार म्हणजे नुसतं पाणीच १२०० किलो, जारचं वजन वेगळं. हे काम छोट्या हत्तीकडून करून घेणारे बरेच आहेत आणि त्यांच्याच गाड्या दोन वर्षांनी बाजारात येतात, त्या तुमच्या गळ्यात पडू देऊ नका. उलट फरसाण, गाद्या, रिकामी कॅरेट असला हलका पण जागा खाणारा माल असेल तर मोठ्या इंजिनाचं डिझेल उगाच का जाळायचं, तिथं हौद्याची लांबी महत्त्वाची.

रोज घाट चढायचा असेल तर एक माप वरची गाडी घ्या. गावातल्या गावात फिरायचं असेल तर सीएनजी बघा, पण सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. टाकीवरच्या प्लेटवर तारीख असते, ती संपलेली असेल तर तो खर्च किमतीतून कापायचा.

तपासा: एका कागदावर रोजचं वजन, रोजचे किलोमीटर आणि जास्तीत जास्त बजेट लिहा. बजेटमधले १५ ते २० टक्के बाजूला काढा. ते गाडीच्या किमतीसाठी नाहीत, घेतल्यावर लगेच निघणाऱ्या कामासाठी आहेत.

## २. घरी बसून कागद

मालकाकडून आरसीचा म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचा पुढचा आणि मागचा दोन्ही फोटो मागवा. नुसता गाडी नंबर देऊन "ॲपवर बघा ना" म्हणणाऱ्याला नम्रपणे परत विचारा, कारण तुम्हाला चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि एकूण वजन तिघंही हवेत. मग एम परिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकून एकेक ओळ जुळवा.

फिटनेस, म्हणजे पासिंग. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचं पासिंग दोन-दोन वर्षांचं असतं, आठ वर्षांनंतर दरवर्षी. म्हणजे नऊ वर्षं जुनी गाडी घेतली की दरवर्षी आरटीओची एक फेरी आली. शिवाय महाराष्ट्रात आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण कर बसतो, तो भरलाय का ते पावतीवर बघा. "पासिंग तुम्ही करून घ्या, हजार दोन हजारात होतं" हे वाक्य ऐकलं की थांबायचं. पासिंगला रिफ्लेक्टर टेप, दिवे, ब्रेक, हौद्याचा पत्रा सगळं लागतं, आणि चुकलेल्या दिवसांचा दंड वेगळा, तो किती बसतोय ते आरटीओत आधी विचारून घ्या.

बोजा. आरसीवर किंवा पोर्टलवर हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, दिसतंय का? मालक म्हणेल कर्ज कधीच फिटलंय, नाव काढायचं राहिलंय. असेलही खरं. पण बँकेची एनओसी म्हणजे ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ च्या सह्या-शिक्क्याच्या दोन प्रती हातात येईपर्यंत ती गाडी बँकेचीच समजा.

टॅक्स, विमा, पीयूसी. टॅक्स एकरकमी भरलाय की ठरावीक मुदतीचा, ते बघा. विम्याची पॉलिसी पूर्ण वाचा, फक्त थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता आहे, की आपल्या गाडीसकट फुल. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला नुसत्या थर्ड पार्टीचाच दर २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये होता, वर जीएसटी, त्यामुळं विमा संपत आलेली गाडी तेवढ्यानं महाग पडते.

परमिट. आरसीवर एकूण वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यू ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्याच्या वर असेल तर लागतं, आणि ते आपल्या नावावर करून घ्यायचं काम वेगळं असतं, आरसी झाली म्हणजे परमिट आपोआप झालं असं नसतं.

चलान. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानच्या साईटवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकून थकलेले दंड बघा. पिकअपवर पाच-दहा चलानं सहज असतात. ती मालकानं भरायची, तुमच्या समोर.

सावध राहा: दिल्ली भागात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळं तिकडच्या गाड्या एनओसीवर इतर राज्यांत स्वस्तात येतात. स्वस्त दिसतात, पण इकडं टॅक्स भरून नवीन नंबर घ्यायचा खर्च आणि फेऱ्या धरल्या की तो फायदा बऱ्यापैकी पुसला जातो. पहिलीच गाडी घेत असाल तर आपल्याच राज्यात नोंदलेली गाडी घ्या.

## ३. गाडी आतापर्यंत कुठं राबली ते काढा

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. किलोमीटर विचारतात, आणि मीटर मागं फिरवणं तर आजकाल मोबाईल रिपेअर करण्याइतकं सोपं झालंय. त्यापेक्षा माल विचारा.

मासळी वाहिलेली गाडी कोकणातून वर आली की बघताना डोळे उघडे ठेवा. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून चेसिसच्या आत शिरतं आणि गंज आतून लागतो, बाहेरून रंग चकचकीत. हौद्याच्या कोपऱ्यात नाक घालून बघा, वास वर्षानुवर्षं जात नाही. वाळू-खडीच्या गाडीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि मागचा ॲक्सल थकलेला असतो. दुधाची गाडी रोज पहाटे चालते, किलोमीटर भरपूर पण वजन ठरलेलं आणि ड्रायव्हर बहुतेक वेळा एकच, म्हणून मला दुधाची गाडी आवडते. टोमॅटो-कांद्याची गाडी हंगामात मर मर मरते आणि बाकी महिने उभी असते, तिची बॅटरी आणि टायर बघा.

हौद्याच्या फळीवर खोल एकसारखे ओरखडे असतील तर लोखंड, सळई किंवा टाईल्स वाहिलेत. फाळक्याच्या बिजागऱ्या वाकलेल्या असतील तर फाळका उघडा ठेवून लांब माल नेलाय. मालक काय बोलतो त्यापेक्षा हौदा जास्त बोलतो.

## ४. सकाळी लवकर जा, इंजिन थंड हवं

आदल्या दिवशी सांगून ठेवा की सकाळी सातला येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा, छोटा हत्ती असेल तर सीटखालच्या इंजिनाच्या झाकणावर. गरम लागलं तर त्यांनी आधी सेल्फ मारून ठेवलाय, म्हणजे थंड असताना चालू व्हायला त्रास आहे. भांडू नका, दुसऱ्या दिवशी परत या, किंवा येऊच नका.

थंड असतानाच, आणि फक्त थंड असतानाच, रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको. ऑईलची डिपस्टिक काढून बोटावर चोळा, काळं असणं ठीक, डिझेल गाडीत असतंच, पण चहाच्या सायीसारखं पांढुरकं नको, तसं असेल तर पाणी ऑईलमध्ये जातंय.

मग सेल्फ. दोन-तीन सेकंदात चालू व्हायला पाहिजे. मागं उभं राहून धूर बघायला एक माणूस ठेवा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर थंडीत येतो आणि जातो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी किंवा नोझलचा प्रॉब्लेम. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल पितंय. रेस दिल्यावर काळा धूर थोडा चालतो, पण काळ्याचे ढग नकोत.

आता इंजिन चालू असताना ऑईल भरायचं झाकण सैल करून तसंच ठेवा. हळू वाफ येणं ठीक आहे, झाकण नाचायला लागलं आणि फकफक धूर मारायला लागलं तर रिंगा आणि लायनर गेलेत, इंजिन उतरवायचं काम आहे. ही एक चाचणी पाच मिनिटांत तुमचे लाखभर रुपये वाचवते आणि बघायला गेलेल्या दहातले नऊजण ती करत नाहीत.

२०२० नंतरची बीएस सहा म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची गाडी असेल तर डॅशबोर्डवरचे दिवे नीट बघा. चावी फिरवल्यावर इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय, खूश होऊ नका. जिथं स्कॅनर आहे अशा गॅरेजवर एकदा लावून बघा, त्या सेन्सरचे आणि सायलेन्सरच्या फिल्टरचे खर्च जुन्या गाड्यांसारखे स्वस्त नाहीत.

## ५. पोतं अंथरा आणि गाडीखाली झोपा

कपडे खराब होतील, होऊ द्या. पिकअपचं आयुष्य केबिनमध्ये नसतं, चेसिसमध्ये असतं. केबिन रंगवून मिळते, चेसिस रंगवून मिळत नाही.

मोबाईलचा टॉर्च लावा आणि चेसिसच्या दोन्ही दांड्या पुढून मागं डोळ्यांखालून घाला. वेल्डिंगचे फुगीर धागे, बाहेरून मारलेली जाड पट्टी, एकाच जागी वेगळा ताजा काळा रंग, हे शोधा. सगळ्यात जास्त तडे केबिनच्या मागं जिथं हौदा सुरू होतो तिथं आणि मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ जातात. छोट्या हातोडीनं किंवा पान्यानं टकटक करत जा, टणटणीत आवाज हवा, भदभद आला तिथं आतून गंज आहे.

पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, एखादा तुटलाय का, आणि कंपनीपेक्षा जादा पाटा टाकलाय का. जादा पाटा म्हणजे ओव्हरलोडची कबुली. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागं २,००० असा दंड आहे, तरी लोक भरतात, आणि त्याचा हिशोब चेसिस चुकतं करतं.

दोरी घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत डाव्या बाजूचं अंतर घ्या, मग तीच दोरी उजव्या बाजूला लावा. स्टेअरिंग सरळ ठेवूनच. बोटभरापेक्षा जास्त फरक असेल तर गाडी कुठंतरी जोरात बसलीय.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. गाडी २०१८ ची आणि "टायर ओरिजिनल आहेत हो, गाडी कमी चाललीय" असं सांगितलं तर हा आकडा दाखवा. पुढचे टायर एकाच कडेला खाल्लेले असतील तर अलाइनमेंट, किंगपिन, बुश, काहीतरी आहेच.

थांबा आणि करा: पेन्सिल आणि पातळ कागद बरोबर न्या. चेसिसवर कोरलेल्या नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा, प्रिंट येईल. आरटीओलाही पुढं हीच प्रिंट लागते. ती आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. नंबराच्या आजूबाजूचा पत्रा घासलेला, परत रंगवलेला किंवा आकडे वाकडेतिकडे वाटले तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी तिथून निघा.

## ६. वजनकाटा आणि भरलेली गाडी

रिकामी पिकअप सगळ्यांचीच पळते. चालवून बघितली म्हणणारे लोक रिकामी, हायवेला, दोन किलोमीटर, मालक शेजारी बसून गाणी लावतोय, अशी बघतात.

आधी रिकामीच काट्यावर घाला, थोड्या पैशात पावती मिळते. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. मी एकदा बघितलेल्या गाडीत आरसीवर १७०० च्या आसपास होतं आणि काट्यावर १९६५ आलं. हौदा जाड पत्र्याचा करून वर पिंजरा मारला होता, जादा पाटेही होते. म्हणजे कागदावरच्या पेलोडमधले अडीचशे किलो घरीच संपले, आणि त्या पिंजऱ्याची आरसीवर नोंद नव्हती म्हणजे पासिंगला तो काढावा लागला असता.

मग वजन टाका. ओळखीच्या दुकानातून सिमेंटच्या पंधरा-वीस गोण्या, किंवा धान्याची पोती. मालक नाही म्हणाला तर डिझेल माझं म्हणून सांगा. गाडी ठणठणीत असेल तर मालक नाही म्हणत नाही असा माझा अनुभव.

भरलेल्या गाडीत हे बघा. चढावर थांबवून पहिल्या गिअरमध्ये उचला, इंजिनचा आवाज चढतो पण गाडी हलत नाही आणि जळका वास येतो म्हणजे क्लच प्लेट संपली. गाडी थांबवून आलटून-पालटून पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकून उचलताना खालून "टक" वाजलं तर प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा दांडा) क्रॉस. ४०-५० च्या वेगात मागून हुंऽऽ असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो बदलतो तर क्राउन पिनियन म्हणजे मागच्या ॲक्सलमधले गिअर, हा मोठा खर्च. उतारावर एखादा गिअर आपोआप सुटतो का. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का. आणि परत आल्यावर इंजिन पाच मिनिटं तसंच चालू ठेवून तापमानाचा काटा कुठं गेलाय ते बघा.

मेकॅनिक तुमचा न्या, मालकानं सुचवलेला नको. त्याची मजुरी आधीच ठरवून द्या आणि त्याला सांगा की गाडी घेतली नाही तरी पैसे मिळतील, नाहीतर तोही नकळत "घ्या हो, चांगली आहे" म्हणायला लागतो.

## ७. किंमत

निघालेली कामं कागदावर लिहा, पुढं आकडे टाका. क्लच, चार टायर, विमा, पासिंग, चलान. बेरीज मालकापुढं ठेवा. "जरा कमी करा" म्हणण्यापेक्षा हा कागद जास्त चालतो. एजंट मधे असेल तर त्याचं कमिशन कोण देणार ते याच क्षणी बोलून घ्या, सही करताना नको.

## ८. पैसे, सह्या, ट्रान्सफर

इथं बहुतेक लोक फसतात, आणि गाडी चांगली असूनही फसतात.

आधी इसार द्यायचाच असेल तर थोडा द्या, बँकेतून द्या, आणि साध्या कागदावर लिहून घ्या की बोजा, चलान, चोरीची नोंद यातलं काही निघालं तर इसार परत. मालकाच्या नावावरच्या खात्यातच टाका, "भावाच्या खात्यात टाका" नको. आरसीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच हवं. मूळ मालक वारलेला असेल आणि मुलगा विकत असेल तर आधी वारसानं गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, त्यासाठी फॉर्म ३१ असतो, मगच तुम्ही.

कर्ज बाकी असेल तर फायनान्सवाल्यांकडून फोरक्लोजरचं म्हणजे कर्ज एकदम फेडायला किती लागतील त्याचं पत्र मागवा आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा, मालकाच्या हातात नाही. उरलेले पैसे एनओसी आणि फॉर्म ३५ आल्यावर.

कागद असे: मूळ आरसी, फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) च्या दोन प्रती, फॉर्म ३० (नावावर करायचा अर्ज), बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी, दुसऱ्या राज्याची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, चालू विमा, पीयूसी, फिटनेस, टॅक्सची पावती, दोघांचे आधार-पॅन, चेसिस प्रिंट. कोऱ्या फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊन निघू नका, तारीख आणि नाव भरूनच सही.

सगळ्यात जास्त अडणारी गोष्ट: वाहन पोर्टलवर अर्ज करताना ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाईलवर जातो. तो नंबर जुन्या एजंटचा किंवा बंद पडलेला असतो आणि मग गाडी घेऊन महिना झाला तरी अर्ज पुढं सरकत नाही. पूर्ण पैसे द्यायच्या आधी मालकासमोर बसून नंबर चालू आहे का बघा, नसेल तर आधी बदलून घ्या.

नावावर करायला घेणाऱ्याला कायद्यानं ३० दिवस आहेत. "नंतर करू, गाडी तर आपल्याच ताब्यात आहे" असं मालकही म्हणू देत नाही हल्ली, कारण २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार, गाडी विकलेली असली तरी. ही गोष्ट त्याला आठवण करून द्या, तो स्वतःच आरटीओत येईल.

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळत नाही.

## ९. पहिला आठवडा

गाडी दारात आली की लगेच भाड्याला लावू नका. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, गिअर ऑईल आणि मागच्या हौसिंगचं ऑईल सगळं बदला, जुन्या मालकानं कधी बदललं याच्यावर विश्वास ठेवू नका. कूलंट काढून नवीन भरा. चारही चाकांचे ब्रेक उघडून बघा. सगळीकडं ग्रीस मारा.

जुना फास्टॅग मालकाला बंद करायला सांगा आणि तुमच्या नावाचा लावा, नाहीतर टोलचे पैसे त्याच्या खात्यातून जातील आणि रोज फोन येईल. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का बघा. ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याचं लायसन्स बघा, एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पक्कं केलंय, पण मुदत संपलेलं लायसन्स चालत नाही.

आणि पहिल्या भाड्याला निम्मंच वजन भरा. परत आल्यावर ती उभी असते तिथं खाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी पुठ्ठ्यावर कुठं तेलाचा डाग पडलाय ते बघा, आणि त्या डागाच्या बरोबर वर बोट लावून मेकॅनिकला फोन करा.